चार दिवसांसाठी आलेल्या हौसाबाई

हौसाबाई रोह्याला जावयाच्या घरी आल्या त्या चार दिवसांसाठी. त्याला आता सहा वर्षं होत आली होती, पण हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती.

दारामागच्या खुंटीला त्यांची हिरवी रेक्झिनची बॅग टांगलेली असे. तिच्यात दोन लुगडी, मशेरीची डबी, एक टॉवेल आणि गेलेल्या नवऱ्याचा, केरूचा, फोटो. उठलं की बॅग खांद्याला लावायची आणि चालू लागायचं, अशी जय्यत तयारी. दर दिवाळीला त्यांची लेक मालू ती बॅग खाली काढायची, लुगड्यांना ऊन द्यायची, डांबरगोळ्या बदलायची आणि होती तशी भरून परत खुंटीला लावायची. "आय, कपाटात ठेवू का गो?" असं तिनं एकदाच विचारलं होतं. त्यावर हौसाबाई दोन दिवस तिच्याशी तुटक बोलल्या. तेव्हापासून तिनं तो विषय सोडला.

घर मालूच्या नवऱ्याचं, सखाचं. सखा भोईर धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. आठवडाभर पहिली शिफ्ट, आठवडाभर दुसरी, आणि उरलेला वेळ सासू आणि बायको यांच्या मधे. माणूस गरीब. सात वर्षांचा असताना त्याची आई गेली होती, आणि लग्न झाल्या दिवसापासून तो हौसाबाईंना आई म्हणायचा. हौसाबाई त्याला 'पावनं' म्हणायच्या. जावयाला पाहुणा म्हणायची आपली रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. पण जावयाच्याच घरात, त्याच्याच पंख्याखाली बसून, "पावनं, जरा सरका, मला केर काढू द्या," असं सासू म्हणायला लागली की पाहुणा कोण आणि यजमान कोण हे ठरवणं कठीण होतं. सहा वर्षांत सखाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

हौसाबाईंचं माहेर पेण तालुक्यातलं, कासू स्टेशनवर उतरून अर्धा तास चालत गेलं की लागणारं गाव. सतराव्या वर्षी केरू म्हात्रेशी लग्न झालं, आणि केरूला गुजरातेत वलसाडला कारखान्यात काम लागलं म्हणून त्या तिकडे गेल्या. अडतीस वर्षं एका भाड्याच्या खोलीत काढली. तिथल्या बाया त्यांना मराठण म्हणायच्या. शेजारीण हिवाळ्यात मडक्यात पापडी आणि कंद भाजायची आणि त्याला उंबाडियुं म्हणायची. हौसाबाईंनी पहिल्याच हिवाळ्यात तिला सुनावलं, की ही आमची पोपटी हाय, मडकं आमचं, वालाच्या शेंगा आमच्या, पाला तेवढा तुमचा. या वादावर दोघींनी अकरा वर्षं अबोला धरला. केरू गेला आणि सखा सासूला न्यायला वलसाडला आला, तेव्हा टेम्पोमागे सगळ्यात जास्त रडली ती हीच शेजारीण. रोह्यात आल्यावर आळीतल्या बाया त्यांना गुजरातवाली म्हणायला लागल्या.

लेकीच्या घरी राहायचं नाही, तिथलं खायचं नाही, हा हौसाबाईंचा कायदा. राहणं तर होऊन बसलं होतं, तेव्हा खाण्याच्या बाबतीत त्या वज्रासारख्या कठोर झाल्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या पडवीत मातीची चूल घातली. वाफ्यात शेवग्याची फांदी खोचली. बापाच्या जमिनीवरचा हक्क त्यांनी भावाला, मोरूला, सोडून दिला होता, आणि त्याची आठवण ठेवून मोरू दर वर्षी भाताची झोडणी झाली की बहिणीला वर्षाचा तांदूळ आणि वाल घालायचा. तो तांदूळ त्यांच्या चुलीवर शिजायचा. चार पावलांवर मालूच्या गॅसवर तसलाच भात शिजत असायचा. तो जावयाचा.

मात्र जावयानं सासूचं खाणं त्यांच्या कायद्यात बसत होतं. देणं चालतं, घेणं चालत नाही. त्यामुळे रोज रात्री सखाच्या ताटात हौसाबाईंच्या चुलीवरच्या बिरड्याची वाटी यायची. धुराचा वास लागलेलं, कोकम घातलेलं ते वालाचं बिरडं सखा बोटं चाटून खायचा, मालूच्या आमटीकडे बघायचासुद्धा नाही. मालू फणकारायची. एकूण हिशेब काढला तर घरात सासू जावयाकडे राहत होती आणि जावई सासूकडे जेवत होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गुडघ्यांनी दगा दिला.

आधी उजवा, मग डावा. पडवीची पायरी उतरताना हौसाबाई भिंतीला धरून देवाला हाका मारायच्या. त्या वर्षी मोरूकडे तांदूळ आणायला निघाल्या, तर रोहा स्टेशनात गाडीच्या दाराशी पाय वर जाईना. सखानं मागून, टीसीनं पुढून, असं त्यांना पोत्यासारखं आत घेतलं. येताना तर कासूला गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. "पुढल्या वर्षी मी एकटा जाऊन तांदूळ आणीन," सखा म्हणाला. हौसाबाई तिथंच फलाटावर उखडल्या. "माझ्या म्हायेरी जावयाला हमाल करून धाडू? भावजय काय म्हनंल?"

डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, की दोन्ही गुडघे बदलायला हवेत. ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होईल. पण त्यासाठी महाराष्ट्रातलं रेशनकार्ड लागेल, आणि हौसाबाईंचं नाव अजून वलसाडच्या कार्डावर होतं.

सखानं कंपनीत रजा टाकली. वलसाडला जाऊन, दोन दिवस कचेरीच्या बाकावर बसून, तिथल्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणला. गुजरातनं हौसाबाईंना सोडलं. रोह्याच्या कचेरीत मात्र त्यांना घ्यायची घाई कुणालाच नव्हती. एका टेबलावरचा माणूस अधिवासाच्या दाखल्याचं बोलायला लागला, की त्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. "पंदरा वर्सांनी गुडघा काय करू? चितेवर घेऊन जाऊ?" हौसाबाईंनी तिथंच विचारलं. मग दुसऱ्या टेबलावरच्यानं सांगितलं, की रेशनकार्डाला ते लागत नाही. सखाच्या कार्डात नाव चढवायचा अर्ज करा, घोषणापत्र द्या, साहेब घर बघून जातील, झालं.

घोषणापत्रात सगळं ठीक होतं, एक ओळ सोडून. 'मी वरील पत्त्यावर कायमस्वरूपी राहत असून यापुढेही तेथेच राहण्याचा माझा इरादा आहे.'

हौसाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

"ह्ये मी लिवून देनार नाय. मी काय इथं कायमची ऱ्हायला आलीय? लेकीच्या घरी?"

मालूनं समजावलं, रडून झालं, ओरडून झालं. शेवटी सखानं डोकं चालवलं. "आई, गुडघे झाले नाहीत तर पुढल्या वर्षी कासूला जाणार कशा? तांदूळ यायचा नाही. मग माझाच खावा लागेल."

हे मात्र हौसाबाईंच्या वर्मी लागलं. जावयाच्या भाताचं संकट त्यांना गुडघ्याच्या दुखण्याहून मोठं वाटलं. म्हणजे पाहुणी म्हणून राहायचं तर गुडघे पाहिजेत, आणि गुडघे पाहिजेत तर पाहुणी नाही असं लिहून द्यायला पाहिजे. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग, "कागदावरच ना?" असं दोनदा विचारून घेऊन सही केली.

पंधरा दिवसांनी पुरवठा निरीक्षक घर बघायला आले. हैबतराव त्यांचं नाव, वरघाटाकडचा शांत माणूस. नेमकी सखाची पहिली शिफ्ट होती आणि मालू दळणाला गेली होती. हौसाबाईंनी अनोळखी माणसाला घरात घेतलं, बसायला पाट दिला, आपल्या चुलीवर चहा ठेवला.

"कुठल्या तुम्ही आजी?" हैबतरावांनी सहज विचारलं.

आता आपल्याकडे बाईला कुठली विचारलं की ती माहेर सांगते. ऐंशी वर्षांची झाली तरी माहेरच सांगेल.

"कासूकडली," हौसाबाई म्हणाल्या.

"मग इथं?"

"लेकीकडं आलेय. चार दिवस."

"जाणार कधी?"

"बगू. गुडघा बरा झाला की निगते."

हैबतरावांनी चहा घेतला, चहाची तारीफ केली आणि वहीत लिहून घेतलं.

सखाच्या हातात अर्ज परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता. 'अर्जदार या तात्पुरत्या पाहुण्या असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. नामंजूर.' सखा तो कागद घेऊन घरी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूवर चिडला.

"सहा वर्षं मी आई आई करतोय आणि तुम्ही पावनं पावनं! त्या सरकारी माणसालासुद्धा पाहुणी म्हणूनच सांगितलंत! माझं घर तुम्हाला घर वाटत नाही, असं एकदा तोंडावर सांगून टाका ना!"

मालू चरकली. हौसाबाई चुलीपुढे बसल्या होत्या, त्या फुंकणी बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या,

"कंचा घर म्हनू पावनं? बापाचा व्हता, त्यो भावाचा झाला. वलसाडची खोली मालकाची. ह्यो तुमचा. जल्मात माझा म्हनून एक घर नाय झाला. तुमीच सांगा कंचा, त्या पत्त्यावर सई करते."

सखाला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही. त्या रात्री बिरड्याची वाटी आली, पण त्यानं बोटं चाटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत जाऊन हैबतरावांच्या टेबलापुढे उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "साहेब, एक वेळ परत या. शेजाऱ्यांना विचारा. म्हातारी बोलते तसं नाही." हैबतरावांनी चहाची आठवण काढली आणि होकार दिला.

ते आले तेव्हा या खेपेला सखा घरी होता, दुसरी शिफ्ट होती. त्यानं शेजारचे दोन पुरुष सांगून ठेवले होते, पण ऐन वेळी एक जण लग्नाला गेला आणि दुसरा झोपलेला. मधल्या दगडी गडग्यापलीकडे धुणं वाळत घालणारी बायजाबाई तेवढी होती. आणि बायजाबाई नि हौसाबाई तर तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवग्याची फांदी बायजाबाईच्या कौलांवर गेली होती, ती तिनं न विचारता तोडली होती. तेव्हापासून जे काही बोलणं व्हायचं ते मालूला किंवा मांजराला उद्देशून.

"बाई," हैबतरावांनी गडग्यावरून विचारलं, "ह्या आजी इथं पाहुण्या आहेत का?"

हौसाबाईंनी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं. सखानं डोळे मिटून घेतले.

"पावनी?" बायजाबाईच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. "ही? सायेब, पावनी कशी असते? आपन तिला च्या देतो, ती आपल्याशी चार शब्द बरं बोलते नि जाते. ही तीन वर्सं माझ्याशी बोलत नाय! नळाला पयला हंडा हिचा. आळीच्या होळीला लाकडं कमी पडली म्हनून सगल्यांना फैलावर घेतलान हिनं. कुठल्या पावनीची हिंमत हाय एवढा राग धरायची? हिला पावनी म्हनाल तर आमी सगली पावनी!"

"आदी इचारा हिला, फांदी कोनी तोडली!" हौसाबाई भिंतीला धरून ताडकन उभ्या राहिल्या. गुडघे त्या विसरूनच गेल्या.

"माझ्या कौलांवर आली तर तोडनारच! आनि तुझा कसा गो शेवगा? त्यो तुझ्या जावयाच्या जागंत हाय!"

"मी लावलाय त्यो! पानी मी घातलंय! माझ्या दारातला शेवगा हाय त्यो, तुला हात लावायचा कारन काय?"

"कुणाच्या दारातला?" हैबतरावांनी मधेच विचारलं. पेन तयार होतं.

"माझ्या!" हौसाबाई कडाडल्या. "माझ्या दारातला! सहा वर्सं मी..." आणि त्या थांबल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. त्यांनी सखाकडे बघितलं, सखानं पायाकडे बघितलं. बायजाबाई मात्र जिंकल्यासारखं लुगडं झटकत आत गेली.

हैबतरावांनी शांतपणे लिहून घेतलं. मग पडवीत वाकून बघितलं. "ही चूल कुणाची?"

"माझी," हौसाबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"वेगळं शिजतं?"

"आल्यापासून. जावयाचा दानासुदीक नाय खाल्ला."

"मग जावयाच्या कार्डात नाव चढवताच कशाला? चूल वेगळी तर कार्डही वेगळं निघेल. सखाराम, घरमालक म्हणून तुमचं संमतीपत्र आणि लाइटबिल जोडा. कुटुंबप्रमुख ह्या स्वतः होतील."

सखाला आनंद झाला आणि थोडं खट्टूही वाटलं. त्याच्या कार्डावर आईच्या जागी कुणाचं तरी नाव यावं असं त्याला मनातून फार वाटत होतं. पण गुडघे महत्त्वाचे होते, म्हणून त्यानं त्याच दिवशी संमतीपत्र लिहून दिलं.

महिन्याभरानं कार्ड आलं. हौसाबाईंनी चष्मा लावून ते बोटाखाली वाचलं. कुटुंबप्रमुख, हौसाबाई केरू म्हात्रे. खाली पत्ता, घर नंबरासकट. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग मालूला वाचायला लावलं आणि आपण ऐकलं. संध्याकाळी शेवग्याच्या शेंगांची एक जुडी मालूच्या हाती बायजाबाईकडे धाडली आणि वर बजावलं, "मी धाडल्या म्हनून सांगू नको." बोलणं काही त्यानंतरही सुरू झालं नाही.

ऑपरेशनची तारीख लागली पनवेलच्या एका हॉस्पिटलात. निघायच्या सकाळी मालूनं सवयीनं खुंटीवरची हिरवी बॅग काढायला हात घातला.

"ती नको," हौसाबाई पडवीतून ओरडल्या. "तीत कांदे हायत."

मालूनं चेन उघडली. खरंच पांढऱ्या कांद्यांच्या माळा होत्या. लुगडी कधी कपाटात गेली ते तिला कळलंच नव्हतं, आणि केरूचा फोटो पडवीत चुलीच्या वरच्या खिळ्याला लागला होता. सखानं कंपनीची दिवाळीला मिळालेली बॅग रिकामी करून दिली.

हॉस्पिटलात खिडकीपुढे कार्ड सरकवलं. आतल्या मुलीनं नाव लिहिलं, वय लिहिलं, मग विचारलं, "आजी, पत्ता हाच? कुणाचं घर आहे?"

"माझा," हौसाबाई म्हणाल्या. एवढ्या ठासून, की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

"आणि सोबत कोण आहे? हे कोण तुमचे?"

सखा पुढे झाला आणि 'जावई' म्हणणार, तोच हौसाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"ह्यो सखा. जावई माझा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडंच असतो ऱ्हायला."